किती आणि कुठे : तरफ, टेकू आणि आपली पाठ

बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला किल्ला दाखवतो आणि मग जयविलास. जयाजीराव महाराजांच्या काळात, १८७४ साली, मायकेल फिलोजने बांधलेल्या त्या राजवाड्यात दरबार हॉलची दोन झुंबरे पाहून पाहुण्याची मान वर जाते ती लवकर खाली येत नाही. मग आपण ठरलेली गोष्ट सांगतो. एकेक झुंबर सुमारे साडेतीन टनांचे, आणि टांगण्याआधी छत पेलेल की नाही हे पाहायला वर हत्ती चढवले होते. हत्ती आठ की दहा, यावर घराघरांत मतभेद आहेत. पाहुणाही विचारतो ते वजन किती आणि हत्ती किती. ते हत्ती छतावर नेमके कुठे उभे केले असतील, हे मात्र कोणी विचारत नाही.

खरे तर शास्त्राच्या दृष्टीने तो प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. दोन विटांवर एक लांब फळी ठेवा. विटेच्या अगदी जवळ फळीवर पाय द्या, फळी जेमतेम हलेल. तोच पाय मधोमध द्या, फळी पोटातून वाकेल. तुमचे वजन तेवढेच, फळी तीच. बदलली ती फक्त जागा. छताची परीक्षा भिंतीलगत हत्ती उभे करून होत नाही, ती मधोमध होते.

आजच्या लेखाचे सूत्र एवढेच आहे. वस्तूचे वजन किती, हा अर्धा प्रश्न. ते आधारापासून किती लांब आहे, हा उरलेला अर्धा. होमिओपॅथीच्या डॉक्टरने पदार्थविज्ञानावर का लिहावे, असे कोणाला वाटेल. माझा दवाखाना इंदरगंजात आहे. पाठ, मान, गुडघा आणि खुबा धरून येणाऱ्यांची तिथे कधी वाण पडली नाही. "डॉक्टर, फार वजन नव्हतं हो, एक बादलीच उचलली होती," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की या उरलेल्या अर्ध्या प्रश्नावर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

दार, पाना आणि टॉर्क

आधी घरातल्या दाराकडे चला. कडीजवळ एका बोटाने ढकला, दार सहज उघडेल. आता बिजागरीपासून चार बोटांवर ढकला. सबंध हात लावावा लागेल. वस्तू फिरवण्याची ताकद दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते : लावलेले बळ, आणि त्या बळाचे आसापासूनचे अंतर. बिजागरीपासून ८० सेंटीमीटरवर एक किलोच्या जोराने जे होते, त्यासाठी १० सेंटीमीटरवर आठ किलोंचा जोर लागतो. या गुणाकाराला आपल्या इकडच्या हिंदी शाळांत 'बल-आघूर्ण' म्हणून शिकवतात; गॅरेजमधला मुलगा त्यालाच 'टॉर्क' म्हणतो. मीही इथे टॉर्कच म्हणतो. (जोर किलोत सांगतो तो सोयीसाठी. शास्त्रात बळ न्यूटनमध्ये मोजतात. एक किलो वस्तूचे वजन सुमारे ९.८ न्यूटन भरते. म्हणून टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये लिहितात.)

एक बारकावा राहिला. अंतर मोजायचे ते बळाच्या रेषेला काटकोनात. दाराच्या कडेवर हात ठेवून बिजागरीच्या दिशेने कितीही रेटा, दार तसूभर फिरणार नाही, कारण तुमच्या बळाची रेषा बिजागरीतूनच जाते आणि अंतर शून्य होते. सायकलचे पायडल अगदी वर असताना त्यावर सरळ खाली दाबले तर सायकल पुढे सरकत नाही, तेही याच कारणाने. पायडल पुढे आडवे आले की तोच पाय जोर धरतो.

लोहिया बाजारात एखाद्या मिस्त्रीला गंजलेली नटे सोडवताना पाहा. आखूड पान्याने नट हलेना की तो पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवतो. पाना २५ सेंटीमीटरचा होता, पाइप धरून ७५ झाला. हाताचा जोर तेवढाच राहिला तरी टॉर्क तिप्पट झाला. याच युक्तीने नट घट्ट करू गेले तर आटे मरतात किंवा बोल्ट तुटतो, म्हणून जाणता मिस्त्री पाइप सोडवताना वापरतो, आवळताना नाही. आपल्या घरातले जुने जाते आठवा. त्याचा खुंटा मधल्या खुंट्याजवळ न बसवता पाळीच्या कडेला बसवलेला असतो. ज्या बायांनी पहाटे पायल्या-पायल्या दळण दळले, त्यांना कडेचा खुंटा का हवा हे कोणी फळ्यावर समजावून द्यावे लागले नाही.

टेकूची जागा

ज्या दांड्याला एका ठिकाणी आधार आहे आणि जो त्या आधाराभोवती फिरतो, ती तरफ. आधार म्हणजे टेकू. हिंदी पुस्तकांत हेच 'उत्तोलक' आणि 'आलंब' होतात, पण 'टेकू' हा शब्द आपल्या जास्त ओळखीचा. सरकारांनासुद्धा बाहेरून टेकू लागतो आणि तो काढला की काय होते हे आपण जाणतोच. उचलायच्या वस्तूचे टेकूपासूनचे अंतर ही भारभुजा, आणि आपण जिथे जोर लावतो तिथवरचे अंतर ही बलभुजा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने तरफेचा नियम सिद्ध करून मांडला : भार गुणिले भारभुजा आणि बळ गुणिले बलभुजा हे सारखे झाले की तरफ तोलली जाते.

पहार घ्या, आपल्याकडे जिला सब्बल म्हणतात. लांबी दीड मीटर, आणि टोकापासून १५ सेंटीमीटरवर दगडाचा टेकू. बलभुजा १३५, भारभुजा १५, म्हणजे नऊपट फायदा. पहारीचे स्वतःचे वजन सोडून दिले तर ९० किलोंची शिळा १० किलोंच्या जोराने हलते. पण हा फायदा फुकट नाही. शिळा दोन सेंटीमीटर उचलायची तर हात अठरा सेंटीमीटर खाली आणावा लागतो. जोरात जे वाचवले ते अंतरात फेडायचे, हा हिशोब कुठलीच तरफ चुकवत नाही.

टेकू मध्ये असला की पहार, कात्री, सांडशी. टेकू एका टोकाला, भार मध्ये आणि हात दुसऱ्या टोकाला असला की अडकित्ता. सुपारी जितकी खिळीजवळ सरकवाल तितकी ती लवकर फुटते. टोकाशी धरली तर अडकित्ता निसटतो आणि बोट सांभाळावे लागते. तिसरा प्रकार चिमट्याचा. टेकू एका टोकाला, भार दुसऱ्या टोकाला आणि आपली बोटे मध्ये. इथे बलभुजा भारभुजेहून नेहमीच लहान, म्हणजे जोराच्या हिशोबात तोटाच. तरीही चिमटा वापरतो, कारण बोटे थोडी हलली की टोक जास्त हलते आणि हात विस्तवापासून दूर राहतो. हा तोट्याचा चिमटा लक्षात ठेवा. पुढे तो आपल्याच अंगात भेटणार आहे.

इंदरगंजातून पायी दाल बाजारात गेलात तर तरफेची दोन उत्तम उदाहरणे दिसतात. पहिले हमालाच्या दोन चाकांच्या गाडीचे. चाकांचा आस हा तिचा टेकू. कसलेला हमाल पोती अशी रचतो की बहुतेक भार आसावर येतो आणि दांड्यांवर जेमतेम हात ठेवावा लागतो. तीच पोती पुढे सरकली की पाच पोत्यांची गाडी सात पोत्यांएवढी जड लागते.

दुसरे उदाहरण तराजूचे. आता सगळीकडे इलेक्ट्रॉनिक काटे आले, पण दांडीचा तराजू ही समान भुजांची तरफ, आणि तिचा सगळा प्रामाणिकपणा त्या समानतेत. समजा वजनाकडची भुजा २० सेंटीमीटर आणि मालाकडची २१. एक किलोच्या वजनासमोर माल बसतो ९५२ ग्रॅम. वजन खरे, दांडी आडवी, आणि गिऱ्हाईक ४८ ग्रॅमने बुडाले. काटा मारणे म्हणतात ते हेच. ओळखण्याची रीत सोपी आहे : वजन आणि माल यांची पारडी बदलायची. तराजू खरा असेल तर दांडी आडवीच राहील, खोटा असेल तर लगेच एका बाजूला झुकेल. आम्हा जैनांच्या घरांत हा विषय केवळ पदार्थविज्ञानाचा नव्हता. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमी-जास्त वजनमापे वापरणे हा एक आहे.

अंगातल्या तरफा

आता आपल्या शरीराकडे वळू. हाडे म्हणजे दांडे, सांधे म्हणजे टेकू, आणि स्नायू म्हणजे जोर लावणारे हात. हा हिशोब पहिल्यांदा नीट मांडला इटलीच्या जोव्हान्नी बोरेल्लीने. प्राण्यांच्या हालचालींवरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६८०-८१ मध्ये छापला गेला. तोवर समज असा की निसर्गाने स्नायूंना थोड्या जोरात मोठी ओझी उचलता यावीत अशी सोय केली असेल. बोरेल्लीच्या आकडेमोडीने उलटेच दाखवले. स्नायूंना ओझ्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो.

कोपर काटकोनात ठेवून तळहातावर दोन किलोंची पिशवी धरा. कोपरापासून तळहात सुमारे ३५ सेंटीमीटर. दंडाचा स्नायू मात्र कोपरापासून पाच सेंटीमीटरच्या आत-बाहेर हाडाला जोडलेला. दोन गुणिले पस्तीस म्हणजे सत्तर. भागिले पाच म्हणजे चौदा. दोन किलोंसाठी दंड चौदा किलोंनी ओढतो. हाच तो चिमटा. निसर्गाने हा तोटा का पत्करला? स्नायू दोन-चार सेंटीमीटरच आखडतो, पण हात सातपट फिरतो. चेंडू फेकणे, घास तोंडाशी नेणे, पडताना कठडा पकडणे यासाठी जोरापेक्षा वेग आणि पल्ला हवा असतो. जबड्यातही तेच आहे. सुपारी आपण पुढच्या दातांनी न फोडता दाढेखाली घेतो, कारण दाढ जबड्याच्या सांध्याजवळ आहे. अडकित्त्याचा नियम तोंडातही लागू पडतो.

कोपराचा हिशोब गंमतीचा आहे, कमरेचा तसा नाही. कण्यामागचे स्नायू मणक्यांच्या मध्यापासून सुमारे पाच सेंटीमीटरवर ओढतात. आता ६० किलो वजनाच्या माणसाने गुडघे सरळ ठेवून वाकून १५ किलोंची भरलेली बादली हातभर अंतरावरून उचलली असे धरा. कमरेवरचे अंग सुमारे ३० किलोंचे, त्याचा भार कण्यापासून २५ सेंटीमीटर पुढे गेलेला : ७५०. बादली ४० सेंटीमीटर पुढे : ६००. बेरीज १३५०, भागिले पाच, म्हणजे २७० किलो. पाठीचे स्नायू एवढ्या जोराने ओढतात, आणि तो सगळा दाब मणक्यांमधल्या गाद्यांवर येतो. म्हणून "एक बादलीच उचलली होती" हे वाक्य वजनापुरते खरे असते, अंतरापुरते नसते.

यात बादली वजा करून पाहा. नुसते वाकून जमिनीवरची किल्ली उचलण्यासाठीही १५० किलोंचा जोर उरतोच. वाकल्यावर सर्वांत जड ओझे आपले स्वतःचे अंग असते. त्याच माणसाने बादलीजवळ उभे राहून, गुडघे वाकवून, पाठ त्यामानाने सरळ ठेवून बादली अंगाजवळून उचलली तर? अंगाचा भार १० सेंटीमीटर पुढे : ३००. बादली २० सेंटीमीटर पुढे : ३००. सहाशे भागिले पाच, म्हणजे १२०. दोनशे सत्तरऐवजी एकशे वीस, आणि बादलीतले थेंबभर पाणी कमी केलेले नाही. हे आकडे ठोकळमानाने घेतले आहेत. माणसागणिक ते बदलतील, पण त्यांचे आपसातले प्रमाण साधारण असेच राहील. स्वीडनचे आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसांच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून दाब प्रत्यक्ष मोजला. पुढे वाकले की दाब वाढतो हे तर दिसलेच. शिवाय उभे राहण्यापेक्षा आधाराशिवाय बसण्यात तो जास्त निघाला. तासन्तास पोक काढून बसल्यावर पाठ का भरून येते, ते यातून समजावे.

म्हणून घरातली काही कामे नव्याने पाहा. गॅसचे भरलेले सिलिंडर सुमारे ३० किलोंचे असते, आत गॅस फक्त १४.२ किलो. ते उचलू नका; थोडे कलते करून बुडाच्या कड्यावर फिरवत न्या, म्हणजे जमीनच टेकू होते. दहा किलोंची भाजी एका हातात घेतली की कणा त्या बाजूला ओढला जातो आणि दुसऱ्या बाजूचे स्नायू तोल सावरत राहतात. पाच-पाचच्या दोन पिशव्या दोन हातांत घ्या, दोन्ही बाजूंचे टॉर्क एकमेकांना खोडतात. नातवाला उचलताना आधी त्याला छातीशी घ्या, मग उठा. खुर्चीतून उठताना पावले मागे घ्या आणि नाक पायाच्या बोटांवर येईल इतके पुढे झुका. मग गुडघ्यांना अंग ओढून काढावे लागत नाही. बाटलीचे झाकण, गोल नळ, गोल मुठीचे कुलूप हे वृद्ध बोटांचे शत्रू, कारण त्यांची भुजा आखूड. लांब दांडीचा नळ आणि आडव्या दांडीची मूठ बसवायला फारसा खर्च येत नाही.

काठी कोणत्या हातात?

शेवटी ज्या प्रश्नासाठी एवढी तयारी केली तो. उजवा खुबा दुखतो. काठी कोणत्या हातात धरावी? बहुतेकांचे उत्तर असते : उजव्या, दुखऱ्या बाजूला आधार नको का? हिशोब करून पाहू.

चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर उभे असतो. ६० किलोंच्या माणसाचा उजवा पाय जमिनीवर आहे. त्या पायाचे दहा किलो सोडले तर उरलेले ५० किलो उजव्या खुब्यावर तोलायचे आहेत, आणि त्यांचा भार खुब्यापासून सुमारे १० सेंटीमीटर आतल्या बाजूला, शरीराच्या मध्याशी आहे. खुब्याच्या बाहेरचे स्नायू तोल धरतात, पण त्यांची भुजा फक्त पाच सेंटीमीटर. पाचशे भागिले पाच, म्हणजे शंभर किलो. स्नायूंचे शंभर आणि वरचे पन्नास मिळून खुब्यावर १५० किलो, म्हणजे अंगाच्या वजनाच्या अडीचपट. प्रत्येक पावलाला.

आता काठी डाव्या हातात द्या. तो हात उजव्या खुब्यापासून जवळजवळ ५० सेंटीमीटर दूर आहे. काठीवर फक्त पाच किलोंचा जोर दिला तरी पाच गुणिले पन्नास म्हणजे अडीचशे. म्हणजे निम्मा टॉर्क काठीनेच पेलला. स्नायूंना उरले २५० भागिले पाच, म्हणजे पन्नास किलो. वरचे वजन पन्नासातून पाच गेले, पंचेचाळीस. एकूण ९५. पाच किलोंच्या टेकूने खुब्यावरचे ५५ किलो उतरले. उजव्या हातात धरली तर काठी टेकूच्या नको त्या बाजूला येते. तिचा उपयोग व्हायचा तर सगळे अंग त्या बाजूला झुकवावे लागते, चाल डुलते आणि कंबरही दुखू लागते. म्हणून काठी दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात, आणि दुखरा पाय व काठी एकाच वेळी पुढे. अमेरिकेतले अस्थितज्ज्ञ वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ साली एक लेख लिहिला. काठी टाकून देऊ नका, असा त्याच्या मथळ्याचाच आशय होता. आपल्याकडे मात्र काठी हाती घेणे म्हणजे म्हातारपण कबूल करणे, या लाजेपोटी खुब्यावर रोज हजारो वेळा दीडशे किलो घेतले जातात, आणि एक दिवस न्हाणीघरात तोल जातो.

एक सावधगिरी. पायात बधिरपणा येऊ लागला, पायाची ताकद गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा पडल्यावर पाय टेकवेनासा झाला, तर पदार्थविज्ञान, माझ्या गोळ्या आणि शेजाऱ्यांचे सल्ले बाजूला ठेवून त्याच दिवशी अस्थितज्ज्ञाकडे जा.

आपल्या जुन्या घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात एक काठी हमखास असते. शिसवी, चांदीच्या मुठीची, आजोबांची किंवा पणजोबांची. वेळ आली की तीच काढतात. पण ती त्यांच्या उंचीची होती. चपला घालून सरळ उभे राहा, हात सैल सोडा. काठीची मूठ मनगटाच्या रेघेशी यायला हवी. उंच असेल तर खांदा वर चढतो आणि कोपर इतके वाकते की तिच्यावर पाच किलोसुद्धा जोर देता येत नाही. अशी काठी कोपऱ्यातच शोभते. कापवत नसेल तर मापाची साधी काठी घ्या, खाली रबर घट्ट बसवून घ्या, आणि घरातल्या आजींच्या योग्य त्या हातात द्या.